शेवटचं चलान २१८६

३१ मार्च २०२४ ला रविवार होता. बेळगावच्या उद्यमबागेतल्या त्या फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतून पार्ट बनवायच्या कारखान्यात, भट्टी बंदच होती, गेटवर गाडी नव्हती. साठा मोजायला याहून बरा दिवस मिळत नाही. सकाळी सातला ऑडिटर म्हणून मी आणि तीन आर्टिकल, म्हणजे हाताखालचे शिकाऊ सीए, आत गेलो.

अशा दिवशी मोजणी पहिल्यांदा करायची नसते. आधी स्टोअरच्या टेबलाशी जाऊन चार नंबर लिहून घ्यायचे: शेवटचं विक्रीचं बिल, जॉबवर्कचं (बाहेर कामाला पाठवलेल्या मालाचं) शेवटचं चलान, शेवटची आवक नोंद आणि गेट रजिस्टरची शेवटची ओळ. नंबर आमच्या कागदावर, खाली स्टोअरकीपरची सही. काही ऑडिटर पुस्तकातच लाल रेघ मारतात. आम्ही मारत नाही. रेघ दिसली की कुठून पुढं सांभाळून खेळायचं ते समोरच्याला कळतं.

स्टोअरचे मामा पंचवीस वर्षांपासून तिथं आहेत. ते म्हणाले, "काय ओ साहेब, माल मोजायचा सोडून पुस्तकं काय बघायलाय?" आणि सही केली. जॉबवर्कचं शेवटचं चलान होतं २१८६, तारीख ३० मार्च. तेव्हा तो नंबर बाकी तिन्ही नंबरांसारखाच एक होता.

कंपनीची थोडी माहिती द्यावी लागेल. हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉड्या, पंपांची हाउसिंग, ट्रॅक्टरचे काही पार्ट. वर्षाची उलाढाल ३८ कोटींच्या घरात. २०२२ पर्यंत शंभर टक्के शेअर तिघा भावांच्या घरात होते. मग बाहेरच्या एका गुंतवणूकदारानं ३४ टक्के घेतले आणि बोर्डावर आपला एक माणूस बसवला. जुन्या ऑडिटरांनी सतरा वर्षं काम केलं होतं. त्यांच्याच ऑफिसातला मुलगा आठवड्यातून दोनदा येऊन टॅली भरायचा, म्हणजे हिशोब लिहिणारे तेच आणि तपासणारेही तेच. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १४४ नं हे बंद केलंय, पण घरच्या कंपनीत विचारतो कोण? नव्या भागीदारानं विचारलं. जुन्या ऑडिटरांनी राजीनामा दिला, तीस दिवसांत एडीटी-३ हा राजीनाम्याचा फॉर्म भरला, आणि ती जागा आमच्याकडे आली. येण्याआधी त्यांना लेखी पत्र टाकावं लागतं, नाहीतर सनदी लेखापालाच्या कायद्यात तो व्यावसायिक गैरवर्तनाचा गुन्हा. त्यांचा फोन आला, "हरकत काही नाही, फक्त मागची फी राहिलीय तेवढी द्यायला सांगा." वाद नसलेली ऑडिट फी थकलेली असताना दुसऱ्यानं काम घ्यायचं नसतं. ती चुकती झाली, मग आम्ही सही केली.

आता मालकी बदलल्यावर ऑडिटरच्या पायाखाली काय हलतं ते बघा. शंभर टक्के घरच्या कंपनीला नफा कमी दिसायला हवा असतो, कारण टॅक्स घरातून जातो. क्लोजिंग स्टॉक, म्हणजे वर्षअखेरचा साठा, दाबला की नफा दबतो. बँकेला मात्र उलटं चित्र लागतं. सीसीची (कॅश क्रेडिट कर्जाची) ड्रॉइंग पॉवर, म्हणजे किती रक्कम उचलता येईल ते, साठ्यावर ठरते, म्हणून तोच साठा बँकेच्या स्टेटमेंटात फुगतो. सतरा वर्षं ऑडिटरची नजर याच वळणाची झालेली: दडवलेला माल शोधा. गुंतवणूकदार आला तेव्हा करारात एक कलम आलं. व्याज, कर आणि घसारा जायच्या आधीचा नफा, म्हणजे एबिटडा, २०२३-२४ मध्ये सव्वाचार कोटींच्या वर गेला तर भावांना जादा शेअर मिळणार. त्या एका कलमानं सगळी दिशा फिरली. आता दडवलेला माल कुणाला नको होता, नसलेला माल हवा होता. जुन्या सवयीनं ऑडिट केलं असतं तर आम्ही सगळीकडे बघितलं असतं आणि चुकीच्या बाजूला बघितलं असतं.

हे बेळगावपुरतं नाही. चीनमध्ये २००५ च्या आधी कंपन्यांचे साधारण दोन तृतीयांश शेअर बाजारात विकताच येत नव्हते. ते सरकार आणि सरकारी संस्थांकडे अडकलेले होते, त्यामुळे बड्या मालकाला शेअरच्या भावाशी फारसं देणंघेणं नसे. २९ एप्रिल २००५ ला सुधारणा जाहीर झाली. अडकलेल्या शेअरवाल्यांनी बाकीच्यांना साधारण दहाला तीन शेअर भरपाई म्हणून दिले आणि त्यांचेही शेअर विकाऊ झाले. त्या दिवसापासून बड्या मालकालाही भाव चढा हवा झाला. त्याच्याही आधी, १९९८ पर्यंत, तिथल्या ऑडिट फर्म सरकारी खात्यांच्या नावाखाली चालत. कारखाना ज्या स्थानिक सरकारचा, ऑडिट फर्मही त्याचीच. ती नाळ तोडल्यावर शेरे मारलेले अहवाल वाढले. म्हणजे दोन वेगळे प्रश्न आहेत: ऑडिटर कुणाच्या ताटाखालचं मांजर आहे, आणि ताटात नफा जास्त हवाय की कमी. मालकी सुधारताना पहिला प्रश्न सुटतो आणि दुसरा तेवढ्यातच उलटा होतो, हे लोक विसरतात.

तर मोजणी. फाउंड्रीत तयार कास्टिंग मोजणं सोपं. दहा नग काट्यावर ठेवायचे, सरासरी काढायची, क्रेटमधले नग मोजून गुणायचं. ३.४ किलोची व्हॉल्व्ह बॉडी असेल तर क्रेटला साधारण दीडशे नग बसतात. प्रत्येक क्रेटला दोन तुकड्यांचा टॅग, एक तुकडा आम्ही फाडून घ्यायचा, म्हणजे तोच क्रेट दुसऱ्या बेमध्ये जाऊन परत मोजला जात नाही. पिग आयर्न ट्रॉलीनं वजन करायचं. स्क्रॅपचा ढीग मॅग्नेटच्या उचलींनी मोजायचा, दहा उचलींचं वजन घेऊन सरासरी. पॅटर्न आणि कोअर बॉक्स, म्हणजे ओतकामाचे साचे बनवायची साधनं, मोजायच्या नाहीत. बहुतेक पार्टीच्या मालकीच्या असतात, फाउंड्री नुसती सांभाळते, तरी दरवर्षी कुणीतरी त्या मालमत्तेत घालायला बघतंच.

गडबड होते ती अर्धवट मालात. फेटलिंगच्या, म्हणजे कास्टिंग घासून साफ करायच्या, शेडमध्ये एका कोपऱ्यात नऊ टन बॉड्या होत्या, यादीत "फेटलिंग बाकी". वर ताजा प्रायमर. फेटलिंग व्हायच्या आधी प्रायमर कोण मारतं? एक बॉडी उलटी करून घासली, खाली लाल रंग. लाल म्हणजे रिजेक्शन. कास्टिंगवर हीट नंबर, म्हणजे भट्टीच्या कुठल्या घाण्यातलं ते, उमटवलेला असतो. तो तपासणीच्या रजिस्टरात बघितला तर ब्लो-होलसाठी (आतल्या हवेच्या भोकांसाठी) नाकारलेला पूर्ण लॉट. हा माल परत भट्टीतच जाणार. यादीत त्याला किलोला ८४ रुपये लावले होते, परतीच्या लोखंडाचा दर ३४. नऊ हजार किलोवर पन्नास रुपये म्हणजे साडेचार लाख. धाकट्या भावानं लगेच मान्य केलं, "चुकून झालं असेल, कमी करा." इतक्या लवकर मान्य केलं की मला जरा नवल वाटलं. नंतर कळलं, साडेचार लाख द्यायला त्यांची तयारी होती, कारण मोठा आकडा दुसरीकडे होता.

जॉबवर्ककडचा साठा हा तो आकडा. कास्टिंग मशीनिंगला बाहेर जातात, काही इथंच मच्छे-होनग्याला, आणि या कंपनीचा बराच माल सरहद्दीपलीकडे महाराष्ट्रात, कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावला. ३१ मार्चला तिथं ६४ टन असल्याचं यादीत होतं. मशीनवाल्याचं सही-शिक्क्याचं पत्रही होतं, अकाउंट्सच्या मॅनेजरांनी ते हातात आणून दिलं. त्रयस्थाचं पत्र त्रयस्थाकडून थेट ऑडिटरला यायला हवं. कंपनीच्या हातून आलेलं पत्र पुरावा धरायचं नसतं. एप्रिलच्या घाईत बरेच जण धरतात.

आम्ही दोन बाजूंनी तपासलं. पहिली बाजू विजेची. भट्टीला वेगळा मीटर आहे. जानेवारी ते मार्च ८,९२,८०० युनिट. या भट्टीला टनाला ६२० युनिट लागतात, हा त्यांच्याच हीट लॉगचा वर्षभराचा आकडा. म्हणजे १,४४० टन रस. ओतलेल्या शंभर किलोतून पार्टीला जाण्याजोगा माल ६२ किलो, बाकी रनर, रायझर आणि रिजेक्शन परत भट्टीत. म्हणजे ८९३ टन. पुस्तकात उत्पादन ९२१. अठ्ठावीस टन जास्त. अकाउंट्सवाल्यांचं उत्तर तयार होतं: "या तिमाहीत यील्ड चौसष्ट आलं." आणि गणित त्यांचंच बरोबर, १,४४० ला चौसष्ट टक्के लावले की जवळजवळ ९२१ येतात. विजेचा हिशोब संशय घ्यायला उत्तम आणि सिद्ध करायला कुचकामी, हे नव्या आर्टिकलांना सांगून ठेवावं लागतं. यील्डमध्ये दोन टक्के इकडं तिकडं, की सगळा फरक गिळला जातो.

दुसरी बाजू सरहद्दीची, आणि इथं बेळगावात असल्याचा फायदा झाला. ई-वे बिल म्हणजे माल रस्त्यावर न्यायला सरकारी पोर्टलवर काढायचा कागद. त्याच राज्यातल्या मालाला त्याची रकमेची मर्यादा असते. पण जॉबवर्कचा माल दुसऱ्या राज्यात गेला तर किंमत कितीही असो, ई-वे बिल लागतंच. गोकुळ शिरगावची प्रत्येक गाडी सरहद्दीवरच्या कोगनोळीवरून जाते, म्हणजे प्रत्येक गाडीला ई-वे बिल. आणि ते मागच्या तारखेनं निघत नाही, पोर्टलवर बनवलेली वेळ मिनिटासकट पडते. आम्ही कंपनीच्याच लॉगिनमधून, मॅनेजर शेजारी बसलेले असताना, तीन महिन्यांचा रिपोर्ट काढला. १ जानेवारीला तिकडं शिल्लक ११ टन. तिमाहीत तेरा गाड्यांनी ११८ टन गेले, ९२ टन परत आले. शिल्लक ३७. यादी म्हणत होती ६४.

तरी कागदावर विश्वास ठेवून थांबायचं नव्हतं. ७ मेला लोकसभेचं मतदान दोन्ही बाजूंना झालं, ९ मेला दोन आर्टिकल गोकुळ शिरगावला गेले. आधी फोन केला नाही. मशीनवाल्यानं चहा दिला आणि शेड उघडून दिलं. त्याला खरोखर काही लपवायचं नव्हतं. ६४ टनाच्या पत्रावर त्यानं सही केली होती ती मॅनेजरनं टाइप करून पाठवलेल्या कागदावर, न मोजता. त्या दिवशी मोजलेला माल ४१ टन. १ एप्रिलनंतर तिकडं ३३ टन गेले होते आणि २९ परत आले होते. ४१ मधून ३३ वजा, २९ मिळवा: ३१ मार्चला ३७. दोन वेगळ्या रस्त्यांनी एकच आकडा आला.

सत्तावीस टनांचा माल कुठून आला हे पुस्तकातच होतं. चलान नंबर २१८७, २१८८, २१८९, प्रत्येकी नऊ टन, तारखा २२, २६ आणि २९ मार्च. आमच्या कागदावर ३० मार्चचं शेवटचं चलान २१८६. पुढचा नंबर आदल्या तारखेला कसा पडेल? १ एप्रिल २०२३ पासून हिशोबाच्या सॉफ्टवेअरला एडिट लॉग, म्हणजे नोंद कधी घातली-बदलली याची आपोआप होणारी नोंद, सक्तीचा आहे. तो उघडला तर तिन्ही नोंदी ४ एप्रिलला, दुपारी तीन ते साडेतीनच्या दरम्यान घातलेल्या. युजरचं नाव "अ‍ॅडमिन". ऑफिसातले पाचही जण "अ‍ॅडमिन"नंच आत जायचे. त्यामुळे हात कुणाचा, हे लिहिण्याइतका पुरावा नव्हता. ते आम्ही लिहिलं नाही. बेळगावच्या कारखान्यांत एडिट लॉग बहुतेक ठिकाणी चालू असतो, वेगवेगळे युजर मात्र कुठंच नसतात. मग लॉग काय करतो? वेळ सांगतो, माणूस सांगत नाही.

सत्तावीस हजार किलो, ८४ रुपये दर: २२ लाख ६८ हजार. त्यात रिजेक्शनचे साडेचार लाख. एकूण २७ लाख १८ हजार. कच्च्या ताळेबंदात एबिटडा होता ४ कोटी ३१ लाख. वजा केल्यावर ४ कोटी ३ लाख ८२ हजार. सव्वाचारची रेघ ओलांडायला हे सत्तावीस टन हवेच होते.

कलम १४३(१२) सांगतं, कर्मचाऱ्यानं किंवा अधिकाऱ्यानं केलेली फसवणूक एक कोटीच्या खाली असेल तर ऑडिटरनं दोन दिवसांत बोर्डाला कळवायचं. एक कोटी किंवा वर असेल तर बोर्डाला कळवून, ४५ दिवस उत्तराची वाट बघून, मग केंद्र सरकारला. आम्ही ११ मेला बोर्डाला पत्र दिलं: स्वरूप, अंदाजे रक्कम, संबंधित विभाग. शिवाय सीएआरओच्या, म्हणजे ऑडिट अहवालाला जोडायच्या सरकारी मुद्द्यांच्या यादीच्या, फसवणुकीच्या कलमात नोंद. बँकेची मर्यादा नऊ कोटींची, म्हणून मार्च तिमाहीचं स्टॉक स्टेटमेंट आणि पुस्तकं यांतला फरकही तक्त्यात दाखवावा लागला. पाच कोटींच्या वरच्या मर्यादेला ते लागतंच.

मालकी बदलली नसती तर काय झालं असतं? हेच पत्र एका भावाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे गेलं असतं, आणि आठवडाभरात थोरल्यांनी बोलावून म्हटलं असतं, "तुम्हाला काम जड झालंय, राजीनामा देऊन टाका." कायद्यात मुदतीआधी ऑडिटर काढायला विशेष ठराव लागतो, म्हणजे पंचाहत्तर टक्के मतं, आणि वर केंद्र सरकारची आधीची मंजुरी. पण काढायची वेळ सहसा येतच नाही, राजीनामा मागून घेतला जातो. इथं भावांकडे ६६ टक्के होते. विशेष ठरावाला नऊ टक्के कमी. शिवाय बोर्डावर बाहेरचा माणूस होता, त्यानं पत्र मिनिटांत घालायला लावलं. एवढं झाल्यावर नोंदी उलटवल्या गेल्या, अहवाल शेऱ्याशिवाय निघाला, कारण दुरुस्त ताळेबंदात चूक उरली नव्हती.

गुंतवणूकदाराचं मात्र फार कौतुक करू नये. त्या वर्षी त्याला नफा खरा हवा होता, कारण खोट्या नफ्यावर त्याचे शेअर कमी होणार होते. चार-पाच वर्षांनी तो आपला हिस्सा विकायला निघेल तेव्हा त्यालाही नफा चढाच हवा असेल. तेव्हा भाऊ आणि तो एकाच बाजूला असतील, आणि ऑडिटर एकटा. करार करताना ऑडिटरची नेमणूक राखीव विषयांत घालून ठेवायला हवी होती, म्हणजे दोन्ही बाजूंच्या संमतीशिवाय नेमणूक होत नाही. या करारात ते कलम नाही. वकिलांनी चाळीस पानं लिहिली आणि हे राहिलं.

आणखी एक भोक आहे, त्याला ना कलम ना टक्केवारी. आपल्याकडे ऑडिट ज्याच्याकडे, घरची रिटर्नंही त्याच्याकडे, अशी पद्धत. या घराच्या अकरा फाइली आमच्याकडे आल्या होत्या: तिघं भाऊ, तिघी जावा, तीन एचयूएफ (टॅक्ससाठीची एकत्र हिंदू कुटुंबं), ट्रान्सपोर्टची फर्म आणि चंदगडकडचा काजूचा कारखाना. ऑडिटची फी वर्षाला २ लाख २५ हजार, या अकरा फाइलींची मिळून ४ लाख १० हजार. कायद्यानं टॅक्सचं काम ऑडिटरला मना नाही. पण दबाव यायचा असेल तर त्याच दारानं येतो, आणि ते दार बंद करायला कुठलाच ठराव लागत नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात थोरल्या अण्णांचा फोन आला. आवाजात राग नव्हता, "जरा घरच्या फाइली पाठवून द्या की, पुतण्याचा मित्र सीए झालाय, त्याला काम द्यावं म्हणतोय." दुसऱ्या दिवशी त्यांचा ड्रायव्हर दोन पिशव्या घेऊन आला. अकरा फाइलींची यादी करून त्याची पोच घेतली. कंपनीचं ऑडिट अजून आमच्याकडे आहे, सप्टेंबर २०२८ च्या सभेपर्यंत. त्या सभेत नव्या नेमणुकीला साधा ठराव पुरतो, आणि ६६ टक्के त्याला भरपूर होतात.